राग कशाचा आला, ते आधी लिहून काढा

आपला स्वभाव आपल्याला कळावा असं वाटत असेल तर 'मी कशी आहे, मी कसा आहे' असा विचार करत बसू नका. त्यातून बहुतेकदा स्वतःचं कौतुकच निघतं. दिवसभरात राग कशाचा आला ते बघा. मी साक्री तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांमधून शिकवलं, घरची शेती सांभाळली, आणि माणूस ओळखायची याहून सोपी खूण मला सापडली नाही. अमुक एक गोष्ट मला मिळायलाच हवी, असं आत कुठेतरी आपण ठरवून ठेवलेलं असतं. ती मिळाली नाही की डोकं तापतं.

रात्री निजण्याआधी वहीत त्या दिवसाचा एकच राग लिहा. त्याखाली लिहा की मला काय हवं होतं, त्यासाठी कोणाला राबावं लागलं असतं, आणि त्या माणसाने ते मला कबूल कधी केलं होतं. शेवटच्या प्रश्नापाशी हात थांबतो. आपल्याकडचं लग्नच घ्या. पत्रिकेत काकांचं नाव राहिलं, मामांना टॉवेल-टोपी द्यायचं विसरलं, जावईबापूंना पहिल्या पंगतीला कोणी बोलावलं नाही. झाला रुसवा, आणि तो पुढे वर्षानुवर्षं चालतो. आता हेच वहीत उतरवा: 'मला मान हवा होता. त्यासाठी मुलीच्या बापाने, ज्याला चार रात्री झोप नाही, त्याने भर मांडवात मला शोधत यायला हवं होतं.' एवढं स्वतःच्या अक्षरात वाचल्यावर रुसून बसणं जड जातं.

पण सगळाच राग वाईट असं समजू नका. इथे फार लोकांची गफलत होते, आणि ती नेहमी गरिबाच्या अंगावर येते. आपल्या भागात सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचं, साल आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला ठरतं. ठरलेले पैसे वेळेवर दिले नाहीत आणि तो चिडला, तर 'फार माजला' म्हणणाऱ्यांनी आधी आपला शब्द आठवावा. काही गोष्टींना तर कोणाची कबुलीही लागत नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक राहिलेले साने गुरुजी १९४७ साली पंढरपूरला उपोषणाला बसले ते विठ्ठलाचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून. देवळाची पायरी चढणं ही कोणाची मेहेरबानी नव्हतीच. म्हणून वहीत आणखी एक प्रश्न घाला: हेच सगळ्यांना मिळालं तर मला चालेल का? चालणार असेल तर बेलाशक मागा, भांडून मागा. इतरांना मिळत नाही यातच गोडी वाटत असेल, तर तिथे खूण करून ठेवा. दर महिन्याला या खुणा चाळल्या की आपला माज नेमका कुठे राहतो ते दिसतं. कोणाचा पैशात असतो, कोणाचा वयात, कोणाचा शिक्षणात. माझ्यासारख्या शिक्षकांचा बहुधा आवाजात असतो.

कळणं आणि वळणं यात अंतर आहे. वळण लागायला व्यवस्था लागते, आणि तिचा धडा आमच्या पांझरेकाठी आहे. काही शतकांची जुनी फड पद्धत इथे काही गावांत अजून टिकून आहे. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि जमिनीचे फड पाडलेले. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी देणारा पाटकरी वेगळा नेमलेला. शेतमालकाने आपल्या हाताने बारं फोडायचं नाही, म्हणजे पाटाचं पाणी स्वतः शेतात वळवायचं नाही. ज्या वर्षी बंधाऱ्यात पाणी कमी, त्या वर्षी काही फड भिजवतच नाहीत. पाटाच्या तोंडाशी शेत असलेला माणूसही त्यात आला. जिथे आपला मोह मोठा, तिथे वाटणी आपल्या हातात ठेवायची नाही, हे आमच्या पूर्वजांना पक्कं ठाऊक होतं. घरात हे करता येतं. भावाभावांत वाटे एकाने पाडावेत आणि आधी दुसऱ्याने निवडावा. घरातल्या कामांची वाटणी सर्वांत जास्त आराम मिळणाऱ्याने करू नये.

मुलांना उपदेश करू नका, काम द्या. मे महिन्यात आपल्याकडचं ऊन काय असतं ते सांगायला नको. माठ कोण भरतं, हे पाणी पिणाऱ्या मुलाला माहीतच नसतं. पेलाभर प्यायलं तर तांब्याभर ओतायचं, एवढा एकच नियम ठेवा. भरताची वांगी काड्यांवर भाजायला मुलग्यालाही बसवा. धूर डोळ्यांत गेला की 'आज भरीत जमलं नाही' हे वाक्य आपोआप कमी होतं. आणि त्याने केलं म्हणून टाळ्या वाजवू नका. मुलीने केलं तेव्हा कुठे वाजवल्या होत्या?

शेवटचं काम सगळ्यांत अवघड. ज्याचं आपल्यावाचून अडतं अशा एखाद्या माणसाला विचारा: सून, गडी, हाताखालचा कारकून. 'मनं काय चुकस ते सांग' असं थेट विचारलं तर 'काही नाही' हेच उत्तर येईल, कारण खरं बोलायची किंमत त्याला मोजावी लागते. त्याऐवजी विचारा, 'माझ्यासोबत काम करताना कोणती गोष्ट जड जाते?' उत्तर आलं की खुलासा करू नका, कारणं सांगू नका. 'बरं' म्हणा आणि त्या आठवड्यात ती एक गोष्ट बदला. बदलल्याचं सांगायला मात्र जाऊ नका. त्या माणसाने पुढच्या वेळी न विचारता काही सांगितलं, तर समजा की तुमचं काम नीट चाललंय. नाही सांगितलं, तर महिनाभराने पुन्हा विचारा.