दुर्बिणीतून पित्ताशयाची शस्त्रक्रिया: रुग्णाने काय जाणून घ्यावं

‘दुर्बिणीतून खडे काढले’ असं म्हणायची पद्धत आहे. प्रत्यक्षात खड्यांसकट अख्खं पित्ताशय काढतात, कारण पिशवी ठेवली तर तिच्यात पुन्हा खडे होऊ शकतात. पित्त यकृतात तयार होतं, पिशवी ते फक्त साठवते. त्यामुळे तिच्याशिवाय पचन चालतं. काहींना सुरुवातीला तेलकट खाल्ल्यावर पातळ शौचाला होतं, इतकंच.

शस्त्रक्रियेआधी साधारण ६ तास खाणं बंद आणि २ तास पाणीही बंद. दुधाचा चहा खाण्यातच धरा. पोटात अन्न असताना भूल दिली तर ते उलटून फुप्फुसात जाऊ शकतं, म्हणून घोटभर चहा घेतला असला तरी लपवू नका. रक्त पातळ करणाऱ्या आणि मधुमेहाच्या गोळ्या कधी थांबवायच्या, हे काही दिवस आधीच विचारा. बेंबी साबणाने नीट स्वच्छ करा, एक छिद्र तिथेच असतं. नेलपॉलिश काढा.

सहसा ५ ते १० मिलिमीटरची चार छिद्रं पाडतात आणि कार्बन डायऑक्साइडने पोट फुगवतात. या वायूमुळे श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा, चिडतं आणि दुखतो मात्र खांदा, कारण दोन्हींच्या नसा मानेत एकाच ठिकाणाहून निघतात. दोन-तीन दिवसांत हे दुखणं ओसरतं. छातीत दडपण, धाप किंवा घाम असेल तर मात्र ‘गॅस असेल’ म्हणून थांबू नका.

सूज किंवा चिकटलेल्या भागामुळे पित्तनलिका, म्हणजे पित्त आतड्यात नेणारी नळी, स्पष्ट दिसत नसेल, तर सर्जन पोट उघडून शस्त्रक्रिया करतात. यात अपयश नाही. न दिसणारी नळी कापली जाण्यापेक्षा मोठी जखम कधीही परवडली. संमतिपत्रावर सही करताना हे घरच्यांनाही सांगून ठेवा.

त्याच संध्याकाळी आधार घेऊन चाला. दुखणं रोज कमी व्हायला हवं. ते वाढत गेलं, पोट फुगलं, ताप, सतत उलट्या किंवा डोळ्यांत पिवळेपणा आला, तर पित्त गळत असेल किंवा नलिकेत खडा अडकला असेल; त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

टाके भरल्यावर तीन-चार आठवड्यांनी छिद्राजवळ गाठ येऊन पाणी झिरपू लागलं, तर मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून खाऊ नका. क्षयाच्या जंतूंच्या कुळातल्या काही जंतूंचा हा संसर्ग असू शकतो. नेहमीची औषधं त्याला लागू पडत नाहीत, स्राव तपासावा लागतो.

काढलेल्या पिशवीचा बायोप्सी रिपोर्ट मागून घ्या. क्वचित त्यातच कर्करोग पहिल्यांदा कळतो, आणि रिपोर्ट न नेल्यामुळे उपचाराचे महिने वाया जातात.