गरोदरपणातली प्रतिकारशक्ती: या चुका टाळा

खानापूर असो, निपाणी असो की बेळगावचं शहापूर, घरात सुनेला दिवस गेले की थोरली माणसं सांगतात, ‘आता तिची प्रतिकारशक्ती कमी झालीय, जपा.’ जपायला हवंच. पण हा समज अर्धाच खरा आहे आणि बऱ्याच चुका त्यातूनच होतात.

बाळाचा निम्मा वारसा वडिलांकडून येतो, म्हणजे आईच्या शरीराला ते निम्मं परकंच. दुसऱ्याची किडनी बसवली तर शरीर ती नाकारू पाहतं. मग बाळ नऊ महिने सुखरूप कसं राहतं, हा प्रश्न ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावार यांनी १९५३ साली मांडला. त्याचं बरंचसं उत्तर आता हाती आहे. आईच्या ऊतींना भिडणाऱ्या वारेच्या पेशी एचएलए-जी नावाचं प्रथिन पुढे करतात आणि त्यामुळे आईच्या मारेकरी पेशी शांत राहतात. गर्भाशयातल्या एनके (नॅचरल किलर) नावाच्या मारेकरी पेशी तर बाळाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या रुंद व्हायला मदत करतात. नियामक टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीला लगाम घालणाऱ्या पेशी, वाढतात आणि हल्ला आवरून धरतात. गर्भ रुजताना थोडा दाह असतो, मधले महिने शांततेचे जातात आणि कळांच्या सुमारास दाह पुन्हा वाढतो. या सगळ्या काळात अँटीबॉडी, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिनं, बनवण्याचं काम चालूच असतं. थोडक्यात, आईची प्रतिकारशक्ती या दिवसांत वेगळ्या कामाला जुंपलेली असते. फ्लू, कांजिण्या, मलेरिया आणि काही प्रकारची कावीळ मात्र तिला इतरांपेक्षा जास्त त्रास देतात, हेही तितकंच खरं.

रिपोर्ट पाहून औषध आणू नका

लॅबच्या कागदावर पांढऱ्या पेशींच्या पुढे ४,००० ते ११,००० अशी मर्यादा छापलेली असते. ती गरोदर नसलेल्यांसाठी असते. गरोदरपणात हा आकडा १२-१५ हजारांपर्यंत सहज जातो आणि कळांच्या वेळी त्याहून वर. शरीरातला दाह दाखवणारा ईएसआरचा आकडाही वाढतो. पण आकड्याशेजारी ठळक खूण दिसली की घरचे घाबरतात, ‘इन्फेक्शन झालंय’ म्हणतात, कुणीतरी मेडिकलमध्ये कागद दाखवून अँटिबायोटिक घेऊन येतं. ताप नाही, लघवीला जळजळ नाही, खोकला नाही, तरी गोळ्या सुरू! हे करू नका. उलटी चूकही होते: काही त्रास नाही म्हणून लघवीची तपासणी टाळली जाते. गरोदरपणात मूत्रमार्ग सैल पडतो, लघवी साचते आणि कसलंही लक्षण न दिसता जंतू वाढू शकतात. म्हणून ही तपासणी होऊ द्या आणि दोन्ही कागद डॉक्टरांनाच वाचू द्या.

ताकद वाढवायला गुळवेल, काढे, पावडरी

शरीर ज्या वेळी मुद्दाम संयम पाळतंय, त्या वेळी प्रतिकारशक्ती ‘वाढवण्याचा’ आटापिटा कशासाठी? कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आपल्याच देशातल्या डॉक्टरांनी केल्या आहेत. झाडपाल्याचं आहे म्हणजे निर्धोक, असं समजू नका. भाकरी, डाळ, उसळ, पालेभाजी, अंडं, तापवलेलं दूध आणि डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या एवढं नीट झालं तरी खूप झालं.

लस चुकवू नका, कार्ड विसरू नका

मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचं आहे ते हे. आईच्या आयजीजी प्रकारच्या अँटीबॉडी वारेतून बाळाकडे जातात आणि त्यांतल्या बहुतेक शेवटच्या तिमाहीत. जन्मानंतरचे पहिले काही महिने बाळ त्यांच्याच भरवशावर असतं. म्हणून आईने घेतलेली लस बाळालाही उपयोगी पडते. सरकारी दवाखान्यात टीडीचा (धनुर्वात आणि घटसर्पाची लस) पहिला डोस नाव नोंदवतानाच आणि दुसरा चार आठवड्यांनी देतात. आधीच्या बाळंतपणात दोन्ही डोस होऊन तीन वर्षं उलटली नसतील तर एक बूस्टर पुरतो. डांग्या खोकल्यासाठीची टीडॅप २७ ते ३६ आठवड्यांत घेतात, ती आणि फ्लूची लस यांबद्दल डॉक्टरांना आपणहून विचारा. गोवर-रुबेला आणि कांजिण्यांच्या जिवंत लसी मात्र गरोदरपणात घेत नाहीत.

आपल्या भागात यात एक खास अडचण येते. तपासण्या इथे होतात, तायी कार्ड (कर्नाटकात गरोदर बाईला मिळणारं नोंदीचं कार्ड) इथलं असतं आणि पहिलं बाळंतपण चंदगड, गडहिंग्लज नाहीतर कोल्हापूरच्या माहेरी. डोहाळजेवणाच्या गडबडीत साड्या, ओटीचं सामान भरलं जातं आणि कार्ड कपाटात राहतं. तिकडच्या नर्सबाईंना मग कुठली लस झाली, रक्तगट कोणता, काहीच कळत नाही. कार्डाच्या सगळ्या पानांचे फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि मूळ कार्ड गरोदर बाईच्याच हातात द्या.

आईचा रक्तगट निगेटिव्ह (आरएच निगेटिव्ह) असेल तर हे फारच महत्त्वाचं. बाळाच्या पॉझिटिव्ह पेशी आईच्या रक्तात मिसळल्या की तिचं शरीर त्यांच्याविरुद्ध अँटीबॉडी बनवू शकतं आणि त्याचा फटका बहुधा पुढच्या बाळाला बसतो. अँटी-डी इंजेक्शन साधारण २८ व्या आठवड्यात देतात. बाळ पॉझिटिव्ह निघालं तर प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत पुन्हा देतात. गर्भपात झाला किंवा मध्येच रक्तस्राव झाला तरी डॉक्टरांना विचारा. ‘पोर राहिलंच नाही, आता इंजेक्शन कशाला’ म्हणून गप्प बसू नका.

चीक पिळून टाकू नका

गाय व्याली की चिकाचा खरवस शेजारीपाजारी कौतुकाने वाटायचा आणि बाळंतिणीचा पिवळा चीक मात्र ‘बाळाला पचणार नाही’ म्हणून टाकून द्यायचा, हे अजूनही काही घरांत चालतं. त्या चिकात आयजीए प्रकारच्या अँटीबॉडी भरपूर असतात आणि बाळाच्या आतड्याला त्या संरक्षण देतात. पहिल्या तासातच बाळाला अंगावर घ्या. मध किंवा गुळाचं पाणी चाटवू नका.

संधिवाताच्या बऱ्याच बायकांना या दिवसांत आराम पडतो. तेवढ्यावरून गोळ्या स्वतःहून बंद करू नका, बाळंतपणानंतर दुखणं बहुधा उलटतं.

पावसाळ्यात पाणी उकळूनच प्या. दूषित पाण्यातून होणारी ई प्रकारची कावीळ शेवटच्या तिमाहीत जिवावर बेतू शकते. डोळे पिवळे दिसले, ताप चढला, धाप लागली, बाळाची हालचाल मंदावली किंवा अंगावरून पाणी गेलं, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. १०८ ची गाडी कर्नाटकात आहे आणि महाराष्ट्रातही.