गच्चीवर काचेची खोली करताय? सांगलीच्या उन्हात या चुका टाळा

आमच्या अण्णांना थंडीत उन्हाला बसायची सवय. चहा झाला की पेपर घेऊन गच्चीवर, ते अकरापर्यंत तिथंच. म्हणून 3 वर्षांपूर्वी विश्रामबागेतल्या घरावर 10 बाय 12 ची सनरूम केली, तीन बाजूंनी काच आणि वर पारदर्शक पॉलिकार्बोनेट शीट. डिसेंबर-जानेवारी फार छान गेले. फेब्रुवारी संपता संपता अण्णा दहालाच खाली यायला लागले, आणि एप्रिलमध्ये एकदा दुपारी वर गेलो तर फडताळावर उभी ठेवलेली मेणबत्ती पार वाकून खाली लोंबत होती, खुर्चीच्या लोखंडी दांड्याला हात लावता येत नव्हता. तेव्हापासून त्या खोलीत बरंच काही काढून परत केलंय, त्यामुळे ओळखीत कोणी सनरूमचा विषय काढला की मी आधी त्यांना आमच्या गच्चीवर घेऊन जातो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे छत पारदर्शक करणं. बाकी काही वाचलं नाही तरी चालेल पण हे वाचा. सनरूम ही थंड देशातली सोय आहे. लंडनला 21 डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम 15 अंश वर असतो, त्याच दिवशी सांगलीत तो 50 अंश वर असतो. त्यांना जेवढं ऊन मिळेल तेवढं साठवायचं असतं, आपल्याला ते अडवायचं असतं. मेच्या पहिल्या पंधरवड्यात तर आपल्याकडे सूर्य अगदी डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते, म्हणजे त्या दिवसांत सगळा मारा छतावरच.

हिशोब करून बघा. भर दुपारी 1 चौरस मीटर जागेवर साधारण 1000 वॅट ऊन पडतं. 10 बाय 12 फूट म्हणजे 11 चौरस मीटर, म्हणजे 11 किलोवॅट. पारदर्शक शीटमधून त्यातलं 80 टक्के आत आलं तरी जवळपास 9 किलोवॅट झाले, म्हणजे 2 किलोवॅटच्या चार-साडेचार शेगड्या बंद खोलीत लावून ठेवल्यासारखं. काचेतून ऊन सरळ आत येतं, फरशी तापते, पण तापलेल्या फरशीची धग त्याच काचेतून परत बाहेर जात नाही, आणि वर गोळा झालेल्या गरम हवेला वाट नसते. पॉलिहाऊसमध्ये जरबेरा लावणाऱ्या कुणालाही विचारा, उन्हाळ्यात ते वरच्या खिडक्या उघडतात, पाण्याचा बारीक फवारा मारणारे फॉगर लावतात, वर शेडनेट ओढतात, तेव्हा कुठं आत थांबता येतं.

मग लोक म्हणतात एसी लावू. मीही लावणार होतो. 1 टनाचा एसी साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढतो, म्हणजे नुसत्या छताच्या उन्हासाठीच अडीच टन पाहिजे, भिंतीच्या काचा वेगळ्याच. बिल भरताना डोळे पांढरे होतील, एसी नका लावू.

दुसरी चूक आम्ही केली ती आतून पडदे लावायची. जाड पडदे घेतले, चांगले पैसे गेले, फरक फार थोडा पडला, कारण ऊन एकदा काच ओलांडून आत आलं की ते आतच तापवणार, पडदाच गरम होतो आणि तो खोली गरम करतो. अडवायचं ते काचेच्या बाहेर. तासगावकडे माझ्या मामाचं बेदाण्याचं शेड आहे, तिथं वर छप्पर, चारी बाजूला शेडनेट, वारा आरपार. मामा आमची खोली बघून म्हणाला, "अरं, आम्ही बेदाण्याला सुद्धा ऊन लागू देत न्हाई, सावलीत वाऱ्यावर वाळवतो, आणि तू अण्णांना काचेत बसवलंस व्हय?" मला ते फार लागलं, पण पुढची सगळी दुरुस्ती त्या एका वाक्यावरून सुचली.

पश्चिमेची काच ही तिसरी. आपल्याकडे घड्याळात साडेबाराच्या आसपास सूर्य माथ्यावर येतो, त्यामुळे खरं तापतं ते 2 नंतर. मे महिन्यात 5 वाजता सूर्य साधारण 26 अंशावर असतो, म्हणजे ऊन जवळजवळ आडवं आत शिरतं आणि छज्जा कितीही बाहेर काढा काही उपयोग होत नाही. तिकडे बाहेरून बांबूची चिक सोडा, किंवा जाळी लावून मधुमालती, कृष्णकमळ चढवा. नवीन काम असेल तर पश्चिमेला सरळ भिंतच ठेवा, फार तर जाळीच्या विटा.

काच घ्यायचीच असेल तर दक्षिणेला घ्या. मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारी सूर्य आपल्या उत्तरेला सरकलेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या काचेवर तेव्हा ऊन पडत नाही म्हटलं तरी चालेल. डिसेंबरात मात्र 2 फुटी छज्ज्याची सावली दुपारी काचेवर जेमतेम अडीच फूट उतरते, बाकी सगळं ऊन आत, अण्णांच्या गुडघ्यांवर. थंडीत ऊन आणि उन्हाळ्यात सावली, दोन्ही एकाच बाजूला मिळतं.

काचेच्या दुकानात "डबल ग्लास घ्या, गारवा राहतो" असं सांगतात. साधी पारदर्शक डबल काच बाहेरची गरम हवा अडवते, सरळ पडणारं ऊन फारसं अडवत नाही. विचारायचा आकडा एसएचजीसी, म्हणजे पडलेल्या उन्हातली किती उष्णता आत येते. साध्या 6 एमएम काचेचा तो 0.8 च्या आसपास असतो, आपल्याला 0.3 किंवा त्याखालचा पाहिजे. आणि साध्या काचेवर गडद फिल्म चिकटवू नका, काचेचा उन्हातला भाग तापतो, चौकटीतली कड थंड राहते, आणि काच आपोआप तडकते. आमची एक अशीच गेली. डोक्यावर काच असेल तर लॅमिनेटेडच, फुटली तरी जागेवर धरून राहते.

खिडक्यांचं बोलू. दोन ट्रॅकची स्लायडिंग केली की कितीही मोठी असू दे, उघडते अर्धीच. आम्ही तीन बाजूंनी स्लायडिंग केली आणि वर एकही झरोका ठेवला नाही. नंतर पश्चिमेच्या वाऱ्याकडे खाली एक लांब खिडकी आणि समोरच्या बाजूला अगदी छताला लागून लुव्हर्स, म्हणजे तिरक्या पट्ट्यांचे झरोके काढले, त्यावर जाळी मारली, आणि त्या एका कामाने जेवढा फरक पडला तेवढा दोन पंख्यांनी पडला नव्हता.

आधीच करून बसला असाल तर मोडायची घाई नको. पहिलं काम, छताच्या वर एक-दीड फूट अंतर सोडून पांढरं किंवा चंदेरी शेडनेट ताणा. अंतर महत्त्वाचं, नेट शीटला टेकलं की त्याची धग खाली उतरते, मधून वारा गेला पाहिजे. पैसे असतील तर शीट काढून पफ पॅनल, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेलं छत टाका, उजेड बाजूच्या काचांमधून भरपूर येतो. आम्ही दुसऱ्या वर्षी तेच केलं.

गळतीची तक्रार सगळ्यांचीच असते. पॉलिकार्बोनेट उन्हात पसरतं, 3 मीटरची शीट 40 अंशाच्या फरकाने जवळपास 8 एमएम वाढते, आणि फॅब्रिकेटर स्क्रूच्या मापाचंच भोक पाडून घट्ट आवळतो, मग भोकापाशी चीर पडते आणि पहिल्या वळवाच्या पावसात टपटप सुरू. भोक मोठं, वर रबरी वॉशर, हे उभं राहून करून घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन या शीटला लावू देऊ नका, न्यूट्रल मागा. शीटची यूव्ही कोटिंगची बाजू वर आली पाहिजे, उलटी बसली तर लवकर पिवळी पडते. खालच्या ट्रॅकला पाणी जायची भोकं आहेत का तेही बघा.

आणि परवानगी. गच्चीवर बंदिस्त खोली म्हणजे बांधकाम धरलं जातं, काम सुरू करायच्या आधी महापालिकेत विचारून घ्या.

पाचगणी-महाबळेश्वरला घर असेल तर माझं म्हणणं वेगळं आहे. तिथं 1300 मीटरच्या आसपास उंची, थंडी खरी, पावसाळ्यात महिनोन्‌महिने धुकं आणि ओल, तिथं काचेच्या खोलीत बसून कोरडं राहता येतं, उजेड मिळतो. सांगली, मिरज, तासगाव, कराड इकडे मात्र मला विचाराल तर छप्पर असलेला, तीन बाजूंनी उघडा सोपाच, म्हणजे ओसरीच करा, दक्षिणेला थोडी काच. आपल्या जुन्या वाड्यांत सोपा होता तो उगीच नव्हता.

आमच्या खोलीत आता अण्णा थंडीत दक्षिणेच्या काचेपाशी बसतात, उन्हाळ्यात सकाळी नऊपर्यंत आणि मग संध्याकाळी. पश्चिमेच्या काचेबाहेर होळीला शेडनेट बांधतो, आणि जूनमध्ये पाऊस लागायच्या आत काढून घडी घालून ठेवतो, एका वर्षी राहिलं तर वाऱ्याने दोन दिवसांत चिंध्या केल्या.