मलम लावूनही इसब का उलटते? ॲटॉपिक डर्माटायटिसच्या उपचारात या चुका टाळा

तान्ह्या बाळाच्या गालांवर आणि मोठ्या मुलांच्या कोपराच्या व गुडघ्यामागच्या लवणीत उठणारे खाजरे इसब, म्हणजेच ॲटॉपिक डर्माटायटिस, औषधाने बसल्यासारखे वाटून महिनाभरात पुन्हा उलटते, तेव्हा दोष पुष्कळदा औषधाचा नसून ते वापरण्याच्या पद्धतीचा असतो.

सर्वांत जास्त नुकसान स्टिरॉइडच्या, म्हणजे दाह शमवणाऱ्या औषधाच्या, धास्तीने होते. डॉक्टरांनी लिहून दिलेले मलम मोहरीएवढे लावायचे आणि लाली जरा ओसरताच बंद करायचे, असे केल्याने वरची कातडी निवळते, पण खालचा दाह तसाच राहतो. प्रौढ माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेषेपर्यंत नळीतून काढलेले मलम साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. हे माप एकदा करून पाहिले की आपण किती कमी लावत होतो ते लगेच ध्यानात येते. मलम थांबवण्यासाठी चट्टा केवळ फिका पडून चालत नाही, बोट फिरवल्यावर तो सपाट आणि मऊ लागला पाहिजे. इसब त्याच जागी वारंवार येत असेल, तर चट्टा बसल्यावरही तिथे आठवड्यातून दोनदा मलम चालू ठेवावे का, हे त्वचारोगतज्ज्ञांना जरूर विचारावे. चेहरा आणि पापण्यांसाठी मात्र सौम्य स्टिरॉइड किंवा टॅक्रोलिमससारखे स्टिरॉइडविरहित मलम त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावे.

खेदाची गोष्ट अशी, की चिठ्ठीवरच्या स्टिरॉइडला घाबरणाऱ्या घरातच मेडिकलमधून परस्पर आणलेले 'खाजेचे मलम' निर्धास्तपणे वापरले जाते. त्यात अनेकदा क्लोबेटासोलसारखे अतितीव्र स्टिरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकत्र असते. केंद्र सरकारने 2018 मध्ये अनेक स्टिरॉइड मलमांची विक्री डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच व्हावी असा नियम केला, तरी ही सवय सुटलेली नाही.

दुसरी उणीव मॉइश्चरायझरची. या आजारात त्वचेचे संरक्षक आवरणच कच्चे असते, काहींमध्ये फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकीय दोषामुळे, त्यामुळे कातडी स्वच्छ दिसत असतानाही मॉइश्चरायझर रोज दोनदा लावावे लागते. अंगभर कोरडेपणा असलेल्या मुलाला आठवड्याला 100 ते 250 ग्रॅम लागू शकते. महागडे क्रीम परवडत नसेल, तर साधी पांढरी पेट्रोलियम जेली उत्तम काम देते. आंघोळ कोमट पाण्याने, पाच ते दहा मिनिटांत उरकावी. पंचाने अंग टिपून ते किंचित ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावावे. डाळीच्या पिठाने किंवा उटण्याने रगडून अंघोळ घालण्याची आपल्याकडची हौस या मुलांच्या बाबतीत बाजूला ठेवावी.

अंगात उष्णता वाढली म्हणून दूध, अंडी, शेंगदाणे एकामागून एक बंद करणे हेही घातक आहे. पदार्थ खाल्ल्यावर लगेच त्रास होतो असा स्पष्ट अनुभव आणि डॉक्टरांचा सल्ला नसेल, तर अशा पथ्याने वाढत्या मुलाचे पोषण तेवढे घटते. स्टिरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन घेऊन पटकन आराम मिळतो, परंतु ते थांबताच आजार अनेकदा अधिक जोराने उसळतो. मलमांनी भागत नसेल, तर प्रकाशोपचार, सायक्लोस्पोरिन (प्रतिकारशक्तीचा अतिरेक आवरणारे औषध) किंवा ड्युपिलुमॅब (दाह रोखणारे इंजेक्शन) असे पर्याय आहेत आणि त्यांबद्दल स्वतःहून विचारण्यात संकोच नसावा.

चट्ट्यांवर एकसारख्या आकाराचे फोड किंवा कोरल्यासारख्या बारीक जखमा झपाट्याने पसरल्या, त्या दुखू लागल्या आणि ताप आला, तर हर्पिस विषाणूचा संसर्ग असू शकतो. अशा वेळी दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे, आणि डोळ्यांजवळ फोड असतील तर नेत्रतज्ज्ञांनाही दाखवावे.