आपल्या रस्त्याची नोंद सरकारी दप्तरातून बाहेर कशी काढायची

आमच्या देवगड तालुक्यात पाऊस धरला की व्हॉट्सअ‍ॅपवर खड्ड्यांचे फोटो सुरू होतात. गणपतीच्या तोंडावर कुठूनतरी खडी येऊन पडते, चार मोठ्या सरी आल्या की ती गटारात जाते, आणि फोटो परत सुरू. फोटो जरूर काढा. पण त्यातून खड्डा आहे एवढंच कळतं. रस्ता कोणाच्या ताब्यात, शेवटचं डांबर कधी पडलं, ठेकेदारावर जबाबदारी कधीपर्यंत, शेजारच्या मोरीची पाहणी कधी झाली, हे कार्यालयातल्या नोंदीत असतं आणि ती नोंद आपल्या पैशानेच ठेवलेली आहे. मी बाजारपेठेत ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं केंद्र चालवते. माहिती अधिकार कायद्याखाली रस्त्याच्या माहितीचे अर्ज लिहून देणं हे आता माझ्या नेहमीच्या कामांपैकी एक झालंय. माझं म्हणणं एवढंच, की एकेका खड्ड्यामागे धावण्यापेक्षा अख्ख्या तालुक्याच्या रस्त्यांचा तक्ता मागा आणि तो सगळ्यांना दिसेल असा ठेवा.

आधी रस्ता कोणाचा ते ठरवा

माझ्याकडे येणारा माणूस बहुतेक वेळा इथेच अडलेला असतो. "ह्यो रस्तो नेमको कोणाचो, ताच कळना नाय," हे वाक्य मी कितीदा ऐकलंय. कि.मी.च्या दगडाचं डोकं बघा. पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्यमार्ग, केशरी असेल तर ग्रामीण रस्ता. रंग उडालेला असेल तर ग्रामपंचायतीत विचारा. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग, म्हणजे कागदावरचं 'प्रजिमा', हे साधारणपणे सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. मुंबई–गोवा महामार्गाचेही दोन वाटे आहेत. पनवेल ते इंदापूर (रायगडमधलं) राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, तर इंदापूरपासून खाली झारापपर्यंतचं चौपदरीकरण राज्याच्या बांधकाम विभागाच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेकडे. नांदगाव तिठा या खालच्या वाट्यात येतो, त्यामुळे तिथल्या खड्ड्याचा अर्ज प्राधिकरणाकडे पाठवण्यात अर्थ नाही. तरी चुकून गेलाच, तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(३) प्रमाणे तो ५ दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवणं हे त्यांचं काम आहे.

जे आधीच उघडं आहे ते बघून घ्या

रस्ता प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेतला असेल तर निम्मं काम घरबसल्या होतं. या योजनेच्या संकेतस्थळावर रस्त्यानिहाय माहिती कोणालाही बघता येते. शिवाय ग्रामीण रस्त्यांचे नकाशे आणि त्यामागची आकडेवारी 'जिओसडक' नावाने फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राने सर्वांसाठी खुली केली. योजनेतला रस्ता पूर्ण झाल्यावर ५ वर्षं देखभाल ठेकेदारानेच करायची असते. म्हणून पूर्णत्वाची तारीख शोधणं हे पहिलं काम. रस्त्याकडेला योजनेचा फलक उभा असेल तर तिथूनही मिळते.

प्रजिमा आणि राज्यमार्गांसाठी मात्र कार्यालयाची पायरी चढावी लागते.

सोमवारी दुपारी तीनला जा

ही सोय फार लोकांना ठाऊक नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. २६ नोव्हेंबर २०१८ च्या राज्य सरकारच्या परिपत्रकानुसार जिल्हा पातळीवरच्या आणि त्याखालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. आधी अर्ज करून महिनाभर वाट पाहायची गरज नाही. परिपत्रकाची छापील प्रत सोबत ठेवा, कारण समोरच्या टेबलावर ते माहीत असेलच असं नाही.

तिथे रस्त्यांची नोंदवही, कार्यारंभ आदेशांची (म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायला दिलेल्या आदेशांची) फाइल, मोजमाप पुस्तिका आणि पुलांचे पाहणी अहवाल बघायला मागा. सगळं वाचत बसू नका. नोंदवहीचं नाव काय आहे, तिच्यात रकाने कोणते आहेत, आणि ती संगणकावर आहे की हाताने लिहिलेली, एवढं वहीत उतरवून घ्या. पुढचा अर्ज या रकान्यांच्या नावांवरच उभा राहतो. कार्यालयाच्याच शब्दांत मागितलं की "अशी माहिती उपलब्ध नाही" असं लिहून द्यायला जागा उरत नाही.

अर्ज

महाराष्ट्रातल्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत बसणारा हवा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावायचा, किंवा राज्याच्या आरटीआय ऑनलाइन संकेतस्थळावरून भरायचा. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराने दाखल्याची प्रत जोडली की शुल्क नाही. मी देते तो मसुदा असा :

"विषय : उपविभागातील सर्व प्रमुख जिल्हा मार्गांची स्थिती. कालावधी : १ एप्रिल २०२१ पासून आजपर्यंत. प्रत्येक रस्त्यासाठी पुढील माहिती द्यावी : रस्त्याचा क्रमांक व नाव, साखळी क्रमांक पासून–पर्यंत, पृष्ठभागाचा प्रकार, शेवटच्या नूतनीकरणाची तारीख, कामाचे नाव व कार्यारंभ आदेश क्रमांक, काम पूर्ण झाल्याची तारीख, दोषदायित्व कालावधी संपण्याची तारीख, पावसाळ्यापूर्वीच्या व नंतरच्या पाहणीतील नोंदी. माहिती संगणकावर ज्या स्वरूपात आहे त्याच स्वरूपात, एक्सेल असल्यास एक्सेलमध्ये, ईमेलने किंवा सीडीवर द्यावी."

यातला साखळी क्रमांक म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर, आणि दोषदायित्व कालावधी म्हणजे केलेलं काम बिघडलं तर ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यायची मुदत. मसुद्यातलं शेवटचं वाक्य कधीही गाळू नका. संगणकावरची माहिती त्याच रूपात मिळवण्याचा हक्क कलम २(ञ) मध्ये आहे, आणि मागितलेल्या स्वरूपातच ती सामान्यतः द्यावी असं कलम ७(९) सांगतं. "रस्ता का खराब झाला?" असलं काही अर्जात लिहू नका. कायद्याने नोंद मागता येते, खुलासा मागता येत नाही.

पुलांसाठी वेगळाच अर्ज करा, आणि तो टाळू नका. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात गेला आणि दोन एसटी बस प्रवाशांसह नदीत गेल्या. त्यातली एक आपल्या राजापूरहून बोरिवलीला निघालेली होती. रस्त्यावरचा खड्डा चाकाला कळतो. पुलाच्या पायाखालची माती वाहून गेलेली वरून जाणाऱ्याला कळत नाही. ते पाहणी अहवालातच सापडायचं. आपल्याकडे खाड्या, पऱ्हे, साकव पावलोपावली आहेत. म्हणून प्रत्येक पुलाचं बांधकाम वर्ष, शेवटच्या पाहणीची तारीख, पाहणीत सुचवलेली दुरुस्ती आणि ती झाल्याची तारीख, हे चार रकाने नक्की मागा.

उत्तर आल्यावर, किंवा न आल्यावर

मुदत ३० दिवसांची. कागदी प्रतींना पानाला २ रुपये पडतात. एका कार्यालयाने आमच्या भागातल्या एका टेम्पोवाल्याला याच अर्जावर वाकड्या झेरॉक्सचा गठ्ठा दिला. डावीकडची कड कापली गेल्यामुळे साखळी क्रमांक एकाही पानावर नव्हता, म्हणजे गठ्ठा निरुपयोगी. त्याला सोमवारी निरीक्षणाला पाठवलं, तर तोच तक्ता ऑपरेटरच्या स्क्रीनवर उघडा, रकाने सरळ. त्याने फाइलचं नाव लिहून घेतलं आणि पहिल्या अपिलात ते नाव घातलं. फाइल ईमेलने आली.

"कामाचा व्याप होईल" असं उत्तर आलं तर घाबरू नका. त्या कारणाने फार तर स्वरूप बदलता येतं, माहिती नाकारता येत नाही. पहिलं अपील ३० दिवसांत, त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे, २० रुपयांच्या स्टँपसह. तिथेही दाद लागली नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे दुसरं अपील. तिथे वेळ लागतो. म्हणून पहिल्या अपिलाची सुनावणी कधीही चुकवू नका, बरीच कामं तिथेच मिटतात.

तक्ता सगळ्यांच्या उपयोगाचा करा

फाइल आपल्या मोबाइलमध्ये पडून राहिली तर पुढच्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. एका ओळीत रस्त्याचा एकच तुकडा ठेवा. साखळी क्रमांक '१२/४००' म्हणजे बारा किलोमीटर चारशे मीटर. तो जसाच्या तसा राहू द्या, आणि शेजारी नव्या रकान्यात "शाळेच्या उतारापासून मोरीपर्यंत" अशी लोकांना कळेल ती खूण लिहा. ही खूण टेबलावर बसून लिहिता येत नाही. कि.मी.च्या दगडापासून मोजत दुचाकीवरून एकदा जाऊन या आणि मोबाइलवर जागेचे अक्षांश-रेखांश टिपा. तारखा एकाच पद्धतीने लिहा. कार्यालयाचा आकडा चुकीचा वाटला तरी तो बदलू नका, आपलं निरीक्षण वेगळ्या रकान्यात घाला. अर्ज क्रमांक आणि उत्तराची तारीख वर द्या, म्हणजे कोणालाही पडताळता येईल. अर्जदाराचा पत्ता, कर्मचाऱ्यांचे खाजगी नंबर काढून टाका.

मग ती फाइल कोणालाही उतरवून घेता येईल अशी दुव्यावर ठेवा आणि छापील प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. रस्ता डांबरी की कच्चा, गुळगुळीत की उखडलेला, ही स्वतः पाहिलेली माहिती 'ओपनस्ट्रीटमॅप' या कोणालाही भर घालता येणाऱ्या ऑनलाइन नकाशावरही भरता येते.

त्यानंतर ग्रामसभा. १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या सभेत ठराव मांडा, की आमच्या हद्दीतून जाणाऱ्या रस्त्यांचा आणि पुलांचा हा तक्ता संबंधित कार्यालयाने कलम ४ प्रमाणे स्वतःहून, वर्षातून दोनदा, पावसाच्या आधी आणि नंतर, संकेतस्थळावर ठेवावा. लोकांना अर्ज करावाच लागू नये इतकी माहिती आपणहून द्या, असं कलम ४(२) सांगतं. एका माणसाचा अर्ज बाजूला पडू शकतो. शेजारच्या पाच ग्रामपंचायतींनी एकच मजकूर मंजूर करून पाठवला तर कार्यकारी अभियंत्यांना लेखी उत्तर द्यावंसं वाटतं.

ठरावाचं उत्तर येईपर्यंत तक्त्यातला 'दोषदायित्व संपण्याची तारीख' हा रकाना वाचून काढा. मुदत अजून चालू आहे आणि रस्ता उखडलाय, असा प्रत्येक तुकडा वेगळा काढा. साखळी क्रमांक, कार्यारंभ आदेश क्रमांक आणि तारखेचा फोटो जोडून उपअभियंत्यांना पत्र द्या, की ही दुरुस्ती ठेकेदाराकडून त्याच्या खर्चाने करून घ्यावी. पत्राची पोच घ्या. मुदत संपायला महिना-दोन महिनेच उरले असतील तो तुकडा सगळ्यात आधी धरा.