प्रोग्रामेबल कीचं पेटंट आणि ‘हे तर उघडच आहे’ ही हरकत

पेटंट कार्यालयाच्या पहिल्या तपासणी अहवालात (एफईआर) कलम २(१)(जेए)ची, म्हणजे ‘हे जाणकाराला उघडच सुचलं असतं’ अशी हरकत दिसली की नवखा हमखास लिहितो, ‘डी१मध्ये स्क्रीन नाही, डी२मध्ये पीटीटी की नाही.’ (डी१, डी२ म्हणजे परीक्षकाने पुढे केलेले आधीचे कागद; पीटीटी की म्हणजे दाबून बोलायची कळ.) असं लिहू नका. हे नावीन्याचं उत्तर झालं, आणि हरकत नावीन्याची नाहीच. परीक्षकाला दोन्ही कागद अपुरे आहेत हे ठाऊक असतं, म्हणून तर तो ते जोडतो.

समजा, डी१ म्हणजे वॉकीटॉकी, तिच्या बाजूच्या कीचं काम संगणकाला केबल लावून ठरवायचं. डी२ म्हणजे सॉफ्ट कीचा मोबाईल, जिथे कीचं काम स्क्रीनवरच्या नावाप्रमाणे बदलतं. आपला दावा असा: की दाबून धरली की काम सेटवरच बदलतं आणि कोणतं काम लागलं ते थरथरीवरून कळतं. आता प्रश्न एकच. प्रायॉरिटी तारखेला (आपल्या शोधाचा अग्रक्रम जिथून धरतात त्या तारखेला) डी१ हातात असलेला साधा रेडिओ इंजिनिअर डी२कडे गेला असता का? ‘जाऊ शकला असता का’ नव्हे. आपला दावा वाचून मागे वळून पाहिलं की सगळंच सोपं वाटतं. दिल्ली हायकोर्टाच्या रोश विरुद्ध सिप्ला (२०१५) निकालातल्या पाच पायऱ्यांत ही पश्चातबुद्धी टाळायला सांगितलंय, ते कारणासह लिहा.

कारण असं: सॉफ्ट की बघून दाबायची असते. कुंभमेळ्याच्या बंदोबस्तातला हवालदार किंवा नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातला हातमोजेवाला बाजूची की न बघता दाबतो. डी२ची युक्ती आणली तर डी१चा तोच गुण जातो.

पण थरथर दाव्यात हवी! नुसती वर्णनात असेल, तर कलम ५९च्या (अर्जातल्या दुरुस्त्यांचं कलम) मर्यादेत दावा अरुंद करून ती आत घेता येते. वर्णनातही नसेल तर काहीच करता येत नाही. म्हणून मसुद्यातच किती सेकंद दाबायचं, कोणत्या कामाला किती ठोके, चुकून दाबली तर काय, हे सगळं लिहा.

हरकत आली म्हणजे अर्ज गेला असं नाही. उत्तराला सहा महिने असतात. फाईल मुंबई कार्यालयाची असली तरी सुनावणी व्हिडिओवर होते, नाशिक सोडावं लागत नाही. सिनियरच्या जुन्या उत्तराची नक्कल मात्र नको. लाल पेनाने पान रंगवणारा सिनियर परवडला. कलम ३(के)ची, म्हणजे ‘हा नुसता संगणक प्रोग्राम आहे’ अशी हरकत सोबत असेल तर तिला वेगळा परिच्छेद द्या. अमेरिकेतही अर्ज असेल तर ‘जोडा असं कुठल्याच कागदात म्हटलेलं नाही’ एवढ्यावर तिथे विसंबू नका. तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या केएसआर निकालानंतर (२००७) तो मुद्दा लंगडा पडलाय.