जुने गोवे एका दिवसात? मग आठच्या आत बस पकडा

सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर जुने गोवे बघायचे ठरवत असाल, तर पणजीच्या कदंब स्थानकावरून सकाळी लवकर निघा. अंतर जेमतेम दहा किलोमीटर. सहलीच्या बसगाड्या येऊन थडकल्या की बॉम जेझू चर्चमध्ये धक्के खात फिरावे लागते. शुक्रवार टाळा, पुरातत्त्व संग्रहालय बंद असते. खांदे-गुडघे झाकणारे कपडे घाला.

बॉम जेझूच्या भिंतीचा उघडा जांभा जवळून बघा, आपल्या घराच्या गडग्याचाच दगड! समोरच्या से कॅथेड्रलला एकच मनोरा आहे. दुसरा १७७६ मध्ये कोसळला, तो पुन्हा उभा राहिलाच नाही. बहुतेकजण इथूनच परततात. तुम्ही मात्र टेकडीवरच्या सेंट ऑगस्टीनच्या पडक्या मनोऱ्यापर्यंत चढा, पण भर दुपारी नको, सावली फारशी नाही. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो इथेच.

शेवटी व्हाइसरॉयच्या कमानीखालून धक्क्यावर उतरा आणि फेरीबोटीने दिवाडी बेटावर एक चक्कर मारा. बाटलीभर पाणी सोबत असू द्या. कमानीवर नदीच्या बाजूला वास्को द गामाचा पुतळा आहे, तो फेरीकडे जाताना मागे वळल्याशिवाय दिसत नाही.